सूचक कोण?

भोईर मेंबरांनी आमच्या नगरपालिकेत वीस-बावीस वर्षं काढली आणि तेवढ्या काळात एकही ठराव मांडला नाही. ही निंदा नाही, स्तुतीही नाही. होतं ते सांगतो. शेवटची नऊ वर्षं सभेच्या दाराशी मी स्वतः उभा होतो. त्याच्या आधीचं सामंत हेडक्लार्कांनी ठरावांच्या बुकात बघून सांगितलं. सामंत खोटं बोलणारे नव्हते. खोटं बोलायला जो उत्साह लागतो तो त्यांच्यात नव्हता.

तेव्हा आमचं गाव मुंबईत नव्हतं. जोगेश्वरीला मुंबई संपायची. तिथून दहिसरपर्यंतच्या गावांचा कारभार ज्याचा त्याच्याकडे. आमची नगरपालिका एका जुन्या बंगल्यात होती, खाली दवाखाना आणि वर सभा. मी तिथं शिपाई, पण रोजंदारीवर. रोजंदारी म्हणजे काय, तर 'उद्यापासून येऊ नको' एवढं कुणीतरी म्हटलं की नोकरी संपली. त्याला कागदसुद्धा लागत नाही.

मेंबर गावठाणातले. घरची थोडी भातशेती, बाकी गवताचा धंदा. धोतर, काळा कोट, टोपी, पायात जाड वहाणा. कोट उन्हाळ्यातही निघायचा नाही, कारण त्याच्या खिशात खडू असायचा. कुठं गटार तुंबलं, कुठं फरशी उचकटली, की मेंबर वाकून तिथं खडूने फुली मारायचे. अर्ज लिहायला सांगायचे नाहीत. दोन-चार दिवसांनी पालिकेचे मजूर यायचे आणि फुली बघून काम करायचे. लिहिता-वाचता न येणाऱ्या गावाला ही पद्धत बरी होती.

त्या फुलीची एक गंमत झाली. स्टेशनाकडच्या एका मास्तरांनी स्वतःच खडू घेऊन आपल्या दारापुढे फुली मारली. मजूर आले आणि गटाराला हात घातला. तिसऱ्या दिवशी मेंबर तिथून चालले होते, ते थांबले. मास्तर दारात उभे, चेहरा उतरलेला. मेंबरांनी खणलेलं बघितलं आणि मजुरांना म्हणाले, "ही फुली माझी नाही. पण खणलंय तर पुरं करा." मग मास्तरांकडे वळून म्हणाले, "मास्तर, पुढच्या खेपेला निवडणुकीला उभे राहा. अर्धं काम तुम्हाला येतंच आहे."

आता सभेचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ठराव मांडणारा एक माणूस लागतो, त्याला म्हणायचं सूचक. दुसऱ्याने उठून आपला पाठिंबा आहे असं म्हणायचं, तो अनुमोदक. दोघांतला एक नसला की ठराव पडला. दोघं असले की हात वर करायचे, अध्यक्षांनी 'मंजूर' म्हणायचं आणि हेडक्लार्कांनी बुकात चढवायचं. मेंबर कायमचे अनुमोदक. ठराव कुणीही मांडो, शेठ लोकांनी मांडो की वकिलांनी मांडो, शेवटी भोईर उठायचे, कोटाचं बटण चाचपायचे आणि म्हणायचे, "या ठरावाला मी अनुमोदन देतो." एवढंच. भाषण नाही.

पण त्याच्या आधी आठ दिवस ते घरोघर फिरलेले असायचे. प्रत्येक सभासदाकडे जायचे, ओटीवर बसायचे, आत खुर्चीवर कधी नाही. चहा घ्यायचे आणि एकाची अडचण दुसऱ्याच्या कानावर घालायचे. सभेच्या दिवशी सगळं आधीच ठरलेलं असायचं. भोईर अनुमोदनाला उठले याचा अर्थ भांडण संपलं. मग लोक ऐकतही नसत. ते उठले की हात वर व्हायचे, आणि हात बघून अध्यक्ष 'मंजूर' म्हणायचे. मला दारातून दिसायचं. एकदा एक सभासद डोळे मिटून बसले होते. भोईरांचा आवाज ऐकला आणि डोळे न उघडता त्यांनी हात वर केला.

नाव मात्र सूचकाचं व्हायचं. मंडईच्या पाटीवर, नळकोंडाळ्याच्या पाटीवर, दवाखान्याच्या पाटीवर, सगळीकडे दुसऱ्यांची नावं. एकदा मी विचारलं, एका तरी पाटीवर तुमचं नाव नको का? म्हणाले, "पाटी भिंतीला लागते रे. पाणी नळाला येतं."

त्यांची बायको, जनाकाकू, फटकळ बाई. कुणी घरी आलं की सांगायची, "आमच्या घरात मांडायचं काम माझं. हे नुसतं अनुमोदन देतात, तेही जेवण झाल्यावर."

माणसात खोट नव्हती असं नाही. त्यांना कुणाला 'नाही' म्हणता यायचं नाही. मंडईमागची मोकळी जागा त्यांनी मासळीवाल्या बायकांना बसायला कबूल केली, आणि तीच शाळेच्या मुलांना खेळायला कबूल केली. दोघांनाही एकाच आठवड्यात. बायका टोपल्या घेऊन पालिकेत आल्या. पुढे होती ती काळूबाई म्हणाली, "मेंबर, तोंड एक आहे का दोन?"

"तोंड एकच आहे बाई. कान दोन आहेत, दोन्हीकडून ऐकलं."

"मग आता एक कान बंद करा," ती म्हणाली, "नायतर टोपली हितंच ओतते."

त्यावर मेंबर चार दिवस दहिसरला बहिणीकडे जाऊन बसले. भांडण समोर आलं की त्यांचं हे असं व्हायचं. शेवटी सकाळी बायका बसायला लागल्या आणि संध्याकाळी मुलं खेळायला लागली. चेंडूला मासळीचा वास येतो अशी शाळेची तक्रार पुढे कित्येक वर्षं येत होती. सामंत ती वाचून फाइलीला लावायचे.

गुप्ते वकील हे मेंबरांचे विरोधक, पण तेही सभासद, कारण वॉर्डात जागा दोन होत्या. स्टेशनाजवळ बंगला, इंग्रजी फर्डं, कायद्याचं पुस्तक पाठ. दर निवडणुकीत त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. पेटी ठेवून त्यावर उभे राहायचे आणि म्हणायचे, "या भोईरांनी आजवर एक, फक्त एक ठराव मांडल्याचं दाखवा. मी आत्ता माझा अर्ज मागे घेतो." लोक हसायचे. ते वाक्य गावात इतकं पसरलं होतं की पोरं क्रिकेटमध्ये आऊट देताना 'अनुमोदन' म्हणून बोट वर करायची. एका निवडणुकीत मेंबरांना लोकांनी आग्रह करून उत्तर द्यायला उभं केलं. मेंबर म्हणाले, "वकील बोलले ते खरं आहे. आता ज्यांच्या दारात नळ आलाय त्यांनी घरी जा, पाणी आठला जाईल." सभा मोडली. लोक खरोखरच पाणी भरायला गेले. जास्त मतं मात्र मेंबरांनाच पडली.

पन्नासच्या पुढची ती सालं होती. मग नक्की झालं की आमचं गावही मुंबईत जाणार. नगरपालिका बंद, सभा बंद, मेंबर बंद. सगळा कारभार मोठ्या महापालिकेकडे. जे नोकर कायम आहेत त्यांना मुंबई घेणार, जे रोजंदारीवर आहेत त्यांनी घरी बसायचं. आम्ही सातजण होतो. झाडूवाल्या चार बायका, पाणी सोडणारे दोन चावीवाले आणि मी. वरून पत्रही आलं होतं की आता नवीन माणसं कायम करू नयेत.

बाकीचे सहाजण मेंबरांकडे जाऊन आले. माझी बायको म्हणाली, तुम्ही पण जा, नारळ घेऊन जा. मी म्हटलं, नऊ वर्षं मी त्यांच्यासाठी दार उघडतोय. आता मला काय पाहिजे ते मी सांगितल्यावरच त्यांना कळणार असेल, तर नारळाने काय होणार आहे? ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पोरं लहान होती आणि कोकणात परत जायला आमची एक वीतही जमीन नव्हती. तरी मी गेलो नाही.

मेंबरांनीच मला जिन्यात गाठलं.

"धाकू, सगळे आले. तू नाही आलास."

"कशाला येऊ? मी रोज दिसत नाही का?"

"दिसतोस," म्हणाले, आणि वर गेले.

त्यानंतर त्यांचं घरोघर फिरणं सुरू झालं. ते तीन आठवडे चाललं, एवढं कधी चाललं नव्हतं. प्रत्येक सभासदाला विनवलं की सात माणसांना कायम करण्याचा ठराव मांडा. पण आता गोष्ट वेगळी होती. ज्याला त्याला मुंबईच्या निवडणुकीत उभं राहायचं होतं. वरच्या पत्राच्या विरुद्ध जाऊन सूचक म्हणून आपलं नाव लावायला कोण तयार होणार? सगळ्यांनी चहा दिला आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, "भोईर, तुम्ही मांडा. आम्ही विरोध करणार नाही." अनुमोदन देतो असंही कुणी म्हणालं नाही. गुप्ते वकिलांकडेही गेले होते. वकिलांनी ओटीवरच्या ओटीवर वाटेला लावलं. सामंत मला म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्याक पुढे केल्यान. आता पुढे कोण नाय."

शेवटची सभा भर दुपारची होती. पंखा एकच, तो अध्यक्षांच्या डोक्यावर. अध्यक्ष कांतिशेठ, लाकडाचे व्यापारी, घाईचा माणूस. विषय बरेच होते. एकामागून एक ठराव होत होते आणि भोईर प्रत्येकाला उठून अनुमोदन देत होते. उठले की हात वर, हात वर की 'मंजूर'. मी पाण्याचे पेले फिरवत होतो.

विषय संपले. कांतिशेठ म्हणाले, "ऐनवेळचे विषय? नाहीत ना?" आणि खुर्ची मागे सारली. सभासदांनी कागद गोळा करायला सुरुवात केली. कुणी वहाणा शोधत होतं. तेवढ्यात मेंबर उठले. कोटाचं बटण चाचपलं. खिशातून कागद काढून वाचायला लागले, आवाज नेहमीचाच, सपाट. खालील सात रोजंदारी नोकरांना आजच्या तारखेपासून कायम करण्यात यावे. सात नावं वाचली. माझं शेवटचं. आणि म्हणाले, "या ठरावाला मी अनुमोदन देतो."

बसले.

हात वर झाले. सगळे नाहीत, पण निम्म्याच्या वर. कांतिशेठ उठता उठता म्हणाले, "मंजूर." सामंतांची लेखणी चालली आणि मध्येच थांबली. त्यांनी चष्मा वर केला.

"सूचक कोण?"

मग एकाने हात खाली घेतला, मग दुसऱ्याने. वर केलेला हात हळूच टोपीकडे नेऊन टोपी सारखी करणारेही मी बघितले. कांतिशेठ परत खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. म्हणाले, "भोईर, तुमची बोलताना चूक झाली. तुम्ही सूचक आहात."

मेंबर बसल्या जागेवरून म्हणाले, "सवयीने गेलं तोंडातून. पण गेलं. मी अनुमोदक."

"मग सूचक नसेल तर ठराव पडला."

"हात तर झाले वर," सामंत म्हणाले. एवढ्या वर्षांत सभेत ते पहिल्यांदाच स्वतःचं मत बोलले असतील. "मंजूर पण झालं. फक्त नावाची जागा कोरी आहे."

कांतिशेठांनी सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, नाव देणार आहे कुणी? कुणी वर बघेना. मेंबरही खाली बघत होते. मी भिंतीला टेकून उभा. मला पुढे जाऊन सांगावंसं वाटलं की पुसून टाका, नको तुमचं कायम. पण शिपायाने सभेत बोलायचं नसतं, आणि मी बोललो नाही.

गुप्ते वकील हसायला लागले. आधी नाकातून, मग मोठ्याने. डोळे पुसले आणि म्हणाले, "सामंत, लिहा. सूचक, गुप्ते."

कांतिशेठ म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही?"

"मग काय करू? आता या माणसाने उठून ठराव मांडला तर निवडणुकीत मी बोलू काय? एकच वाक्य आहे माझ्याकडे."

सगळे हसले. सामंतांनी लिहून टाकलं आणि वर शाई टिपली. ती शाई टिपलेली मी बघितली.

एवढ्यावर भागलं नाही. वरून विचारणा आली की पत्र असताना ठराव कसा केलात? ती विचारणा सूचकाच्या नावाने आली. मग वकील चवताळले. आपलं नाव लागलेला कागद कुणी परत पाठवतो म्हणजे काय? त्यांनी तीन पानी उत्तर लिहिलं. पत्रात 'नवीन' माणसं म्हटलं आहे, ही माणसं नवीन नाहीत, यातला शिपाई नऊ वर्षं दारात उभा आहे. दोनदा स्वतः जाऊन भांडून आले. आम्ही सातही जण कायम झालो. मेंबर ठरावाचे सूचक असते तर त्यांना असं उत्तर लिहिता आलं नसतं. ते दहिसरला बहिणीकडे गेले असते.

म्हणून मला कधी कधी वाटतं की ती चूक नव्हती. सामंतांना मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "चुकणारो माणूस तो न्हय, धाकू." मग म्हणाले, "पण हुशार म्हणशीत, तर तेवढो हुशार पण न्हय." मेंबरांना मी विचारलं नाही. विचारलं असतं तर आभार मानल्यासारखं झालं असतं, आणि आभार मानायची मला सवय नाही.

झाडूवाल्या बायकांनी वकिलांच्या बंगल्यावर जाऊन त्यांना हार घातला. बुकात त्यांचंच नाव होतं. वकिलांनी हार घेतला. मग मुंबईची निवडणूक आली. वॉर्ड मोठा झाला, लांबलांबची वस्ती आत आली. त्यांना भोईर कोण ते माहीत नव्हतं. वकिलांच्या पत्रकावर पहिलीच ओळ होती: गरीब नोकरांना कायम करणारे. मेंबरांच्या माणसांनी त्यांना सांगितलं, खरं काय ते सभेत बोला. मेंबर म्हणाले, "बुकात आहे ते खरं." मेंबर पडले. मी मत त्यांना दिलं. त्या चार बायकांनी वकिलांना दिलं आणि मेंबरांना तोंडावर तसं सांगितलंही. मेंबर त्यांना म्हणाले, बरोबर केलंत. मी त्या बायकांना नावं ठेवत नाही. ज्याला हार घातला त्यालाच मत द्यावं लागतं.

मला वॉर्ड ऑफिसात घेतलं. खाकी कपडे, पितळी बिल्ला, बसायला स्टूल. काम असं की येणाऱ्याने चिठ्ठीवर नाव आणि काम लिहून द्यायचं, मी चिठ्ठ्या आल्या तशा रांगेत ठेवायच्या, आणि साहेबांनी चिठ्ठी उचलली की व्हरांड्यात येऊन नाव पुकारायचं.

दीड-दोन वर्षांनी एके दिवशी मेंबर जिना चढून आले. कोट तोच. हातात चिठ्ठी. गावठाणातल्या कुणा विधवेचं घर सरकारी कागदात दुसऱ्याच्या नावावर लागलं होतं, ते काम. बाकावर तेरा-चौदा माणसं होती. मी म्हटलं, द्या इकडे, वर ठेवतो.

"वर नको," ते म्हणाले. "तू आता कायम आहेस. नियमाने चाल."

मी चिठ्ठी खाली ठेवली. ते बाकाच्या टोकाला बसले. शेजारच्या माणसाने सरकून जागा दिली, पण ओळख दिली नाही. त्या दिवशी नंबर लागला नाही. दुसऱ्या दिवशी आले, लागला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी चिठ्ठी उचलून माझ्या हातात दिली.

मी व्हरांड्यात आलो. नाव मोठ्याने पुकारायचं होतं. एवढ्या वर्षांत मी ते नाव एकदाही तोंडाने उच्चारलं नव्हतं. मी चिठ्ठीत बघून पुकारलं, "जनार्दन पोशा भोईर."

मेंबर हलले नाहीत. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, कोण उठतं ते बघायला. मी परत पुकारलं. बाकावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग मेंबरांच्या ध्यानात आलं. ते जरासे हसले, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि माझ्या जवळून आत गेले.

मी दार ओढून घेतलं आणि पुढची चिठ्ठी हातात घेऊन उभा राहिलो.